बंबातलं पाणी

अंबरनाथला थंडी पडली की आमची मोटार सकाळी सुरूच व्हायची नाही. शेजारच्या सिंधी कॅम्पातला मेकॅनिक वासुमल म्हणाला, "रेडिएटर में गरम पानी डालो, भाभी." तेव्हापासून बंबातलं एक बादली पाणी ह्यांच्या आंघोळीला आणि उरलेलं सगळं मोटारीला. फॅक्टरीचा भोंगा होईल म्हणून हे घड्याळ बघत हँडल मारायचे, चिडचिडायचे. मी गार पाणी अंगावर घेऊन कुडकुडायचे. महिनाभर हेच.

काल वासुमलला खरा दोष सापडला. ठिणगी पाडणारे झिजलेले पॉइंट त्याने बदलले. आज गार इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं. मी लगेच अंगणातल्या बंबात आणखी दोन लाकडं सारली.


हे मोटारीतूनच म्हणाले, "आता कशाला जाळतेस लाकडं? मोटार सुरू झाली ना."