भवानीचं गिऱ्हाईक

व्हिएतनाममधल्या सायगावच्या जुन्या बाजारात तुयेतमावशी जुन्या घड्याळांचं दुकान उघडतात न उघडतात, तोच खांग दारात हजर. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं की सगळा दिवस वाया, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. खांग तर त्याच जोरावर स्वस्तात घड्याळं जमवत आला होता. त्यात आठवडाभर मावशींकडे घड्याळाच्या पट्ट्यांपलीकडे काही खपलं नव्हतं.

त्याने चावीचं एक जुनं घड्याळ उचललं. "तबकडी पिवळी पडलीय, मावशी. तीस लाख डोंग देतो."

"पिवळी आहे म्हणूनच अस्सल आहे. रंगवलेली हवी तर पुढच्या दुकानात जा. साठ लाख."

"भवानीच्या वेळी अडून बसताय? बरं, साठ लाखांना हे घेणारा एक तरी खुळा दाखवा!"

मावशींनी कमरेच्या पिशवीतून साठ लाख काढले, स्वतःच्याच गल्ल्यात टाकले आणि घड्याळ मनगटावर बांधलं.

"ही बघ खुळी. भवानीही झाली. आता दारातून बाजूला हो, गिऱ्हाइकं यायचीत."