भाविकच्या कादंबरीतली खोट

भाविकने पोरांसाठी लिहिलेली जादूची कादंबरी काल्हेरच्या गोदामातून रोज खोक्यांनी बाहेर जायची, आणि ती पॅक करायची ड्युटी नेमकी मनोजची, शाळेत त्याच्यासोबत गोष्टी रचणाऱ्या मित्राची. "सुरुवात झकास हाय," टेप ओढता ओढता तो शेजारच्या टेबलावरच्या पूर्वाला सांगायचा, "पण पुढं नुसता फुगवटा. पोरगी मगरीवर बसून खाडी ओलांडते नि तिची वेणीपण भिजत न्हाय. बघ तू, गठ्ठ्यानं परत येतील."

महिनाभराने एक प्रत परत आली. मनोजचा चेहरा असा खुलला, जसं काही त्याचंच लग्न ठरलंय. पूर्वाने स्क्रीनवर गिऱ्हाइकाचं कारण वाचलं, "शेवटची पानं कोरी निघाली. शेवट वाचल्याशिवाय मुलगी जेवत नाही, दुसरी प्रत आजच पाठवा."

मनोजने नवी प्रत काढली. शेवटची पानं तपासायची म्हणून उघडली आणि उभ्याउभ्याच वाचत राहिला. बाहेर टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"आता काय खोट सापडली?" पूर्वाने विचारलं.

त्याने पुस्तक मिटलं आणि दुहेरी पुठ्ठ्यात नीट गुंडाळलं.

"एकच हाय," तो म्हणाला. "मी लिहिली न्हाय."