पिकल्या फळाचा वास

“तोंड उघडा,” ती नवऱ्याला म्हणाली.

मिस्त्रींनी तोंड उघडलं. तिने वाकून वास घेतला. वास फळाचा होता. गोडसर, जरा जास्तच पिकलेल्या फळाचा.

“काय खाल्लंत?”

“तू दिलंस तेच. दोन अंडी आणि लोण्याचा गोळा. इंजिनाला वंगण घालावं तसं.”

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांमध्ये आडवं पडून नळ दुरुस्त केले होते. आता फुप्फुसातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात सलाइनमधून इम्युनोथेरपीचं औषध जायचं, अंगातल्या पहारेकऱ्यांना गाठीवर सोडणारं. तीन डोस झाले होते.

बाकीचं तिने स्वतःच्या हातात घेतलं होतं. फोनवर रुग्णांच्या घरच्यांचा एक गट होता. त्यातल्या एका बाईने छातीठोकपणे सांगितलं होतं, पाव बंद, बटाटा बंद, साखर बंद, फळ तर बघायचंसुद्धा नाही. याला कीटो म्हणतात. नुसत्या लोण्यावर, अंड्यांवर, माशांवर माणूस तगतो आणि गाठ उपाशी मरते. रोज बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, यंत्र कीटोनचा, म्हणजे साखरेऐवजी चरबी जळते तेव्हा रक्तात उतरणाऱ्या पदार्थाचा, आकडा दाखवतं. आकडा वर चढला की गाठ उपाशी. खाली राहिला तर माणसाने चोरून खाल्लं.

डॉक्टरांना तिने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. ते नको म्हणाले असते, तर तिच्या हातात काय उरलं असतं?

टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर तिची सव्वीस वर्षं गेली होती. माणसं वजनाबद्दल बिनदिक्कत खोटं बोलतात, काटा बोलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि मिस्त्रींचा आकडा दोनाच्या वर जात नव्हता. गटातल्या इतरांचा तीन यायचा. आता वर हा वास.

तिने उशीखाली हात घातला, कपाट उपसलं, अवजारांची पिशवी जमिनीवर उलटी केली. पाने आणि पक्कड तेवढे निघाले. मग एकच माणूस उरला.

दीर शाळेची बस चालवायचा. सकाळची फेरी झाली की दुपारी भावापाशी येऊन बसायचा. तो आल्या आल्या तिने त्याला दारातच गाठलं.

“भाऊजी, काय भरवताय त्यांना?”

“मी? वहिनी, तुमच्या घरात मुंगीचीसुद्धा उपासमार होते. मी काय आणणार?”

“तोंडाला फळाचा वास येतोय.”

“वासाचं सोडा. तो पाणी किती पितो ते बघितलंत का? काल मी बसलो होतो तेवढ्यात तीन बाटल्या संपवल्या.”

“लोण्याने तहान लागते. गटात सगळ्यांनाच लागते.”

“आणि दर दहा मिनिटांनी उठतो.”

“नळवाल्याचाच नळ गळतोय,” मिस्त्री आतून ओरडले. “वायसर बदलायला हवा.”

दीर हसला नाही. “आठ दिवसांत दादा अर्धा झालाय. डॉक्टरांना फोन करू या, वहिनी.”

भीती तोंडातून बाहेर आली ती रागाचं रूप घेऊन.

“चोरून खाऊ घालायचं, आणि वर साळसूदपणे डॉक्टरांचं नाव घ्यायचं! तुमच्या भावाला मी मरू देणार नाही, कळलं? किल्ली द्या इकडे. आकडा वर येईपर्यंत या घरात पाय टाकू नका.”

“तुमच्यापेक्षा जेलर बरा,” तो म्हणाला. किल्ली ठेवताना त्याचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी आकडा साडेतीन आला. तिने पट्टी बदलून पुन्हा बघितलं. साडेतीनच. तिने गटात कळवलं, टाळ्यांवर टाळ्या आल्या. तिला रडू फुटलं. म्हणजे खरंच भाऊजीच होते. वास अजून होता, पण आधी खाल्लेलं अंगातून निघायला वेळ लागत असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींना लोणी उलटून पडलं. “पोट दुखतंय, बाईसाहेब. पाणी दे,” एवढंच म्हणाले. चेष्टा नाही, काही नाही. तिचा जीव टांगणीला लागला. ती घाईघाईने यंत्र घेऊन बसली, बोट टोचलं, आणि आकडा बघून तिच्या जिवात जीव आला. दुपारी त्यांना झोप लागली. श्वास लांब, खोल, संथ चालला होता. ती पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत आली, तोच फोन वाजला.

“वॉर्डातली सिस्टर बोलतेय. तुमचे दीर इथे आलेत. सकाळपासून आमच्या दारात बसून आहेत.”

म्हणजे त्याने आहाराचं सगळं सांगितलं.

“त्यांनी कबूल केलं ना? फळाचं?”

“तोंडाला वास अजून येतो?”

“येतो. पण सिस्टर, रागावू नका, आज आकडा सहाच्या वर गेलाय. चोरून खाणाऱ्याचा एवढा येईल का? गाठ उपाशी मरतेय हो!”

पलीकडे सिस्टरने कोणाला तरी ओरडून रुग्णवाहिका काढायला सांगितली.

“बाई, नीट ऐका. त्यांनी काहीही चोरून खाल्लेलं नाही. आमच्या औषधाने कधी कधी अंगातली साखर जिरवणारी ग्रंथीच मरते. मग अंग नुसती चरबी जाळत सुटतं आणि रक्त आंबत जातं. तो वास त्याचा आहे. आकडाही त्याचाच. ते आता काय करतायत?”

“झोपलेत,” ती म्हणाली. “दोन दिवसांनी कुठे गाढ झोप लागलीय.”

“हाक मारा त्यांना. मी फोन धरून थांबते. उठतात का ते सांगा.”