सुकलेलं टोक

काचेच्या टोकावर पांढरा थर जमला होता. मिठासारखा, अर्धा मिलिमीटर जाड, एका बाजूला थोडा अधिक. वृंदाने तो नखाने खरवडला नाही. तिथली काच कांद्याच्या पापुद्र्याइतकी नाजूक असते. पेनाएवढं हे यंत्र पाण्यातलं आम्ल मोजायचं. त्याचं टोक कायम द्रावणात ओलं ठेवावं लागतं. सुकलं की ते मनाला येईल तो आकडा दाखवतं. हे टोक सुकून तीन वर्षं झाली होती.

मीटर टेबलावर उघडा पडला होता, कारण त्याची स्पंज लावलेली पेटी म्हसकर साहेबांना कॅमेऱ्यासाठी हवी होती.

म्हसकर कारखान्याचे मॅनेजर. उद्या सकाळी सहाला ऑफिसचा स्टाफ, त्यात वृंदाही, घरच्यांसह चार दिवस काशीदच्या समुद्रावर निघणार होता. अंबरनाथ एमआयडीसीतल्या या रंगाच्या कारखान्यात स्टॅबिलायझर फक्त वृंदाच्या लॅबमध्ये होता, म्हणून साहेबांचं सगळं सामान इथे चार्जिंगला लागलं होतं. हॅंडीकॅम, दोन मोबाइल, कॅम्प पाचच्या बाजारातून आणलेला छोटा डीव्हीडी प्लेअर. बाजूला पाणी न शिरणाऱ्या पिशव्या आणि उन्हाचं लोशन. लोशनचं झाकण उघडंच होतं.

"बघा मॅडम, कॅमेरा कसा फिट बसला! जणू त्याच्या मापानेच पेटी बनवलीय," साहेब म्हणाले.

तेवढ्यात बाळाजी बाटली घेऊन आला. जवळच्या चामटोली गावातून येणारा जुना कामगार. रोज दुपारी तो मागच्या गटारात उतरायचा, सांडपाण्याची बाटली भरायचा, पुसायचा, तिच्यावर स्वतःच्या तिरक्या अक्षरात तारीख घालायचा. आजचं पाणी जांभळं होतं. वर तपकिरी फेस. त्याच्या नखांनाही तोच रंग लागला होता. पोटऱ्यांवर, बुटांच्या वर, कातडी सालीसारखी सुटत होती.

"आज पानी जाम वास मारतंय, ताई. नीट बघा."

"बघते," वृंदा म्हणाली. रोज म्हणायची तसंच.

तो गेला. जांभळ्या पाण्याचा वास आणि लोशनचा नारळाचा वास एकमेकांत मिसळले.

रोज याच्यापुढे दोन गोष्टी व्हायच्या. ती बाटली मोरीत ओतायची आणि वहीत लिहायची, सात पॉइंट दोन, म्हणजे निर्धोक पाणी. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिने एकदा खरा आकडा लिहिला होता. साहेबांनी ते पान पट्टी लावून सरळ फाडलं होतं आणि हसत म्हणाले होते, "मॅडम, बाहेर दहा बीएस्सी उभ्या आहेत." तेव्हा नवऱ्याची कंपनी नुकतीच बंद पडली होती. मुलगी बालवाडीत जायला लागली होती. दिवाळीनंतर बघू, वृंदाने ठरवलं होतं. तीन दिवाळ्या गेल्या.

साहेबांनी वही तिच्यापुढे सरकवली. "चार दिवसांचं आजच भरून टाका. सात-दोन, सात-तीन, जरा वरखाली करा. अगदी सारखंच लिहिलं तर तपासणीवाल्यांना शंका येते."

तिने पेन उचललं. उद्याची तारीख घातली. सात लिहिलं. पॉइंट दिला. आपल्याच बोटांकडे बघताना तिला किळस आली, गटारातल्या पाण्याची येते त्याहून जास्त.

"आणि हो, तो पेनवाला मीटर पण घ्या बरं का सोबत."

तिने मान वर केली. "मीटर? काशीदला?"

"रिसॉर्टवाले पूलमध्ये काय काय टाकतात, काय भरवसा? आमच्या मुलीची, पायलची, स्किन एकदम सेन्सिटिव्ह. आधी तुम्ही पाणी चेक करा, मगच तिला उतरवू." बोलता बोलता त्यांनी मीटर उचलला, टोक जवळून न्याहाळलं आणि तोंड वाकडं केलं. "हे तर पार सुकलंय. सुकलं की खोटं दाखवतं ना? रात्रभर भिजत ठेवा. मला आकडा एकदम खरा पाहिजे."

म्हणजे साहेबांना हे ठाऊक होतं. कसं सुकतं तेही, कसं भिजवायचं तेही.

तिने पेन खाली ठेवलं. कपाटातून पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण काढलं, छोट्या चंचुपात्रात ओतलं आणि टोक अलगद त्यात सोडलं. पांढरा थर हळूहळू विरघळायला लागला.

"व्हेरी गुड," साहेब वायरी गुंडाळत म्हणाले. "सकाळी गाडीत बसताना विसरू नका म्हणजे झालं."

पाचला बाळाजी रिकामी बाटली न्यायला आला. बाटली खिडकीत तशीच होती. भरलेली, बूच लावलेली. तो गोंधळला.

"वतली नाय, ताई? आनि उद्या आनू का नको? तुमी तर फिराया चालल्या."

"कशाला आणतोस?" साहेब हसले. "मॅडम समुद्रावर, तूही चार दिवस मजा कर."

वृंदाने वही मिटली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"आणा, बाळाजी. मी कुठेही जात नाहीये. तीन वर्षांत तुमची एकही बाटली मी मोजली नाही. उद्याची मोजणार आहे, आणि येईल तोच आकडा लिहिणार आहे."