काउंटरवरचे रूळ

"तुझ्या बाबांनी गेल्या वर्षी सांगून ठेवलेलं इंजिन अखेर आलं!" डोनलने खोका उघडला. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या त्याच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या छोट्या दुकानात प्रत्येक इंजिन विकण्याआधी काउंटरवरच्या रुळांवर चालवून दाखवण्याची रीत होती. "लाव फोन त्यांना. त्यांचा होकार आल्याशिवाय मी विकत नाही."

दर वेळी असेच होई. मी व्हिडिओ कॉल लावून फोन धरून उभा राही आणि बाबा मिरजेहून एकटक पाहत. बाबा उन्हाळ्यात गेले, हे डोनलला सांगणे मला जमले नव्हते; आताही जमले नाही. रडणेही अजून जमले नव्हते. मी केवळ सवयीने घरी व्हिडिओ कॉल लावला.

आईने उचलला. या खेळण्यांवर तिचा राग होता. "माणसांना बसायला जागा नाही आणि ह्यांना आणखी एक इंजिन!" असे ती बाबांच्या मागून ओरडत असे. आज मात्र तिने चेहरा फोनच्या पडद्याजवळ आणला. नारिंगी इंजिन संथपणे धावत रुळांच्या टोकाला जाऊन थांबले. आता ते कुणासाठी घ्यायचे, मला कळेना. नको म्हणून टाकावे, असे ठरवून मी डोनलकडे वळलो.

"थांब," आई म्हणाली. "उलटं चालवून दाखवायला सांग त्याला. मागे येताना अडखळलं तर तुझे बाबा नको म्हणायचे."

डोनलने बटण फिरवले. इंजिन जराही न अडखळता मागे आले.

"नीट बांधून घे," आई म्हणाली. "जागा करते मी."