पांढऱ्या फुलांवरचं माप

कॅमेऱ्यातून बघितलं तरी गुरुपादप्पा रोखूनच बघत होते. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे पुरण्याआधी त्यांना अंगणात मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर विभूती, डोक्याला पटका, गळ्यात मांडीपर्यंत आलेले पांढऱ्या शेवंतीचे हार. डोळे मात्र कितीदा मिटवले तरी अर्धे उघडेच राहत होते.

त्यांच्या तोंडापुढे मोबाइल धरायची घरात कुणाची बिशाद नव्हती, आणि ते गेल्यावरही कुणाची झाली नाही. शेवटचा फोटो रिळाच्याच कॅमेऱ्यावर काढायचा, असं ते बजावून गेले होते. निलंग्यात असा कॅमेरा उरला होता तो एकट्या निजामोद्दीनकडे. लातूरची हौशी पोरं हल्ली रीळ धुवायला त्याच्याकडे यायची, म्हणून त्याची डार्करूम अजून चालू होती.

निजामोद्दीन याच दिवसाची वाट बघत जगला होता. गुरुपादप्पांच्या लग्नाचे फोटो त्याच्या अब्बांनी काढले होते. पांढऱ्या फुलांपायी उजेडाचं माप चुकलं आणि नवरदेवाचं तोंड काळंठिक्कर आलं. गुरुपादप्पांनी भर बाजारात अब्बांच्या थोबाडीत मारली. "मला काळा काढतूस व्हय रे?" शाळकरी निजाम अब्बांचं बोट धरून उभा होता. अब्बांनी पुन्हा कधी कॅमेऱ्याला हात लावला नाही. ज्याने मारलं, त्याच्या हे चार दिवसांतच डोक्यातून गेलं असेल. निजामोद्दीनच्या पोटातली आग काही विझली नाही.

कॅमेऱ्यातलं माप भोळं असतं. पांढरंशुभ्र दिसलं की त्याला वाटतं, उजेड फार झाला, आणि ते उजेड तोडायला सांगतं. जाणता माणूस तेव्हा त्याचं ऐकत नाही; तो तोंडाजवळ जाऊन तोंडाचं माप घेतो. निजामोद्दीन यात झोपेतसुद्धा चुकला नसता. गुरुपादप्पांच्या तोंडावर मांडवाची सावली होती, हारांवर ऊन. त्याने माप घेतलं ते हारांचं. अब्बांच्या हातून चुकून झालं, ते त्याने मुद्दाम, अगदी निगुतीने केलं. एकच फोटो काढला. बटण दाबताना त्याला कधी नव्हे इतकं बरं वाटलं.

आठवड्याने तो चौकट केलेला फोटो काखेत मारून त्या घरी गेला. थोरला मुलगा संगमेश्वर याने वरचा कागद सोडला. हारांची पाकळी न् पाकळी सुरेख आली होती. हारांच्या वर, तोंडाच्या जागी, नुसता अंधार.

"काय करून ठेवलाव हे? अप्पांचं तोंडच दिसंना की!" संगमेश्वरचा हात बापासारखाच वर गेला.

निजामोद्दीन जागचा हलला नाही. पुरलेल्या माणसाचा दुसरा फोटो निघत नसतो, हे तो आठवडाभर मनाशी घोळवत होता. मार खायची त्याची तयारी होती. त्याला फक्त घरातलं रडं ऐकायचं होतं.

गुरुपादप्पांची बायको सिंधुबाई भिंत धरत पुढे आल्या. फोटो मांडीवर घेऊन बसल्या. त्या अंधारावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं. रडं काही आलं नाही. कपाळावर ओढलेला पदर त्यांनी मागे सारला आणि मान वर केली.

"हात खाली घे, संगम. हाच लाव भिंतीला."

मग त्या निजामोद्दीनकडे वळल्या.

"निजामभाई, तुमच्या अब्बांनी काढलेला लग्नातला फोटो म्या अजून पेटीत लपवून ठेवलाय. त्याच्याकडंच बघून संसार केला. तेवढ्या एका फोटोत ह्यांचे डोळे दिसत न्हाईत."