भावकीचं रक्त

पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा राजेशला पोचवायला कुडपणची अख्खी भावकी हजर होती. नऊ पुरुष, नऊ टोप्या. गाडीत चढणारा एकही नव्हता.

राजेश पंधरा वर्षांचा. नाकाच्या मागे गाठ, एका नाकपुडीत कापसाचा बोळा. गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ती नुसत्या रक्तवाहिन्यांची. कापताना रक्ताचा पाट वाहील. रक्त देणारी निदान दोन माणसं आणा, नाहीतर ऑपरेशन होणार नाही. पोराला बाप नव्हता. आई तुळसाने स्वतःचा दंड पुढे केला, तर तिच्याच अंगात रक्त कमी निघालं.

म्हणून भावकी बसली होती. सगळ्यांनी छाती ठोकून होकार दिला होता. आता स्टँडवर मात्र एकेकाचं काहीतरी दुखायला लागलं.

कोंडाजीला आज सकाळीच साखरेचा आजार झाला होता. धोंडूच्या गुडघ्यात कळ होती. रक्त गुडघ्यातून काढतात अशी त्याची समजूत असावी. राहता राहिला सख्खा चुलता महिपत.

"वैनी, लावणी तोंडावर आलीय," तो म्हणाला. "अंगातली ताकद गेली तर नांगर कोण धरील?"

शिमग्याला पालखी आधी कुणी उचलायची यावरून याच महिपतने डोकं फोडून घेतलं होतं. सदरा भिजेस्तोवर रक्त गेलं. दुसऱ्या दिवशी गडी पट्टी बांधून पालखी नाचवत होता. निर्लज्ज मेला!

"आमी गप बसलो नाय," महिपत पुढे म्हणाला. "देवाला कोंबडा दिलाय."

"देवाला पण कोंबड्याचंच रक्त देता, भावजी," तुळसा म्हणाली. "सोताचं नाय."

कंडक्टरने घंटी मारली. तुळसा पोराला घेऊन आत जाऊन बसली. तेवढ्यात महिपतची बायको आनंदीबाई टोप्यांच्या मधून वाट काढत पुढे आली आणि धोंडूच्या बायकोला हाताला धरून गाडीत चढली.

"तू कुठं चाललीस गो?" महिपत ओरडला.

आनंदीबाईने दारातूनच मागे वळून पाहिलं.

"भावकीतली दोन माणसं पायजेत ना? ती चढली."